चिकटपट्टीखालचा दिवा

ब्रेंडा सग्डनची निळी मायक्रा
दोन वर्षं पिवळा दिवा लावून फिरत होती कीथलीभर.
इंजिनाचं ते चिमुकलं चित्र, नळाच्या तोटीसारखं दिसणारं,
त्याच्यावर कातडीच्या रंगाची चिकटपट्टी,
जखमेवर लावतात ती.
पट्टीतूनही उजेड यायचा,
उन्हात कानाच्या पाळीतून येतो तसा.

आधीच्या दोन गॅरेजांनी
दोन ऑक्सिजन सेन्सर बदलले, एक कॉइल,
आणि कशासाठी कोण जाणे, पेट्रोलच्या टाकीचं झाकण.
सहाशे चाळीस पौंड.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आमचं गॅरेज रेल्वेच्या कमानीखाली.
वरून लीड्सची गाडी गेली की हुकांवरचे पाने किणकिणतात.
फेब्रुवारी. बाहेर दिवस उरकत आलेला.
गुलफराज म्हणाला, स्कॅनर लाव आणि मोकळी हो.
मी पट्टी सोलली, टाकली, स्कॅनर लावला.
स्कॅनर म्हणाला, एकही दोष नाही.
दिवा म्हणाला, आहे.

वडील उद्यमनगरात आर्मेचर गुंडाळायचे.
त्यांचा टेस्ट लॅम्प मी कोल्हापूरहून बॅगेत घालून आणलाय,
बुलेटच्या इंडिकेटरचा बल्ब, दोन वायरी, एक दाभण.
विमानतळावर तो काय आहे हे समजावताना घाम फुटला होता.
आणि त्यांचं एक वाक्य :
पोरी, इंजिनाला नंतर विचार.
आधी दिव्याला विचार, तुला पेटवतंय कोण.

तसं सोपं असतं.
दिव्याचं एक टोक बॅटरीकडे,
दुसरं कॉम्प्युटरच्या हातात.
कॉम्प्युटरने अर्थ दिला की दिवा लागतो.
अर्थच म्हणतो आम्ही त्याला, पत्र्याला टेकवणं,
सगळा करंट शेवटी जिथे जातो ते.

कॉम्प्युटरचा प्लग उपसला.
किल्ली फिरवली.
दिवा चालूच.

म्हणजे त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.
कुणीतरी वाटेतच परस्पर अर्थ देत होतं.

मग दोन तास डॅशबोर्डखाली उलटी,
टॉर्च दातांत, वेणी ब्रेकच्या पायंडलीत अडकलेली,
वायरीमागून वायर.
एक जुना पेपरमिंट सापडला, एक पेनी,
आणि स्टिअरिंगच्या कांबीपाशी
वळणावळणाला घासून घासून सोललेलं
एका वायरीचं कातडं.
तीळभर तांबं उघडं. तीळभरच.
पत्र्याला टेकून बसलेलं.

टेप, त्यावर नळी, एक क्लिप.
माल ऐंशी पेन्सचा.
गुलफराजने बिल एका तासाचं केलं आणि माझ्याकडे बघितलं नाही.

ब्रेंडा आली, ओल्या कोटात.
किल्ली फिरवली तिने, दिवा लागला, तिचा चेहरा पडला.
थांबा, म्हटलं, एवढा लागायलाच हवा,
मी जागा आहे एवढं सांगतो तो. आता स्टार्ट करा.

विझला.

ती त्या काळ्या चौकोनाकडे बघत राहिली.
वायपर चालू राहिले होते, कोरड्या काचेवर करकरत.
"बल्ब तर नाही ना गेला?"
नाही, म्हटलं, परत दाखवलं. बंद, चालू, विझला.
"म्हणजे इंजिनाला काहीच झालं नव्हतं."
काहीच नाही.
"लेन हेच म्हणायचा. उगाच लागतो म्हणाला, आणि पट्टी लावली.
बरोबर होता म्हणजे तो."
मग वायपर बंद करत, "गाडीबद्दल तरी."

मी पैसे मोजत होते. सुटे देत होते.

"ती पट्टी कुठंय?"

वरून गाडी गेली. पाने किणकिणले.
गुलफराजने अर्धं शटर ओढलं होतं, ते तसंच धरून उभा राहिला.
मी बाह्या वर केल्या
आणि तेलकट बोळ्यांच्या पिंपात
कोपरापर्यंत हात घातला.